एक्सप्लेनर : हॉर्न, यंत्रमाग आणि दयाळ, गोंगाटाच्या सोलापुरात पक्ष्यांचा आवाज घरच्या घरी कसा टिपायचा?

सोलापूर : मे महिन्यातली पहाट. गच्चीच्या कठड्यावर मोबाइल ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि चाळीस मिनिटांनी फाइल ऐकली. त्यात मिळालेल्या आवाजांची यादी अशी : शेजारच्या टाकीत पाणी चढवणारी मोटार, दूधवाल्याची बुलेट, तीन घरांचे कूलर, कुत्र्यांची दोन भांडणं आणि लांबून येणारे ट्रकचे हॉर्न. पक्षी? एक. तोही कावळा.

गंमत म्हणजे त्याच चाळीस मिनिटांत समोरच्या कडुलिंबावर दयाळ गात होता. कानाला अगदी स्वच्छ ऐकू येत होता. रेकॉर्डिंगमध्ये मात्र तो कूलरच्या घरघरीत बुडून गेला होता.

इंजिनिअरिंगची चार वर्षं कधी तरी कामी येतील, असं घरचे म्हणत होतेच. ती वेळ अशी आली. बंद पडलेली डीटीएच डिश, जुना मोबाइल आणि साधा कॉलर माइक एवढ्यावर हा दयाळ पकडता आला. हे उपकरण कसं चालतं, कसं बनवायचं आणि मुळात या उद्योगाचा उपयोग काय, ते समजून घेऊया.

आधी हे सांगा, पक्ष्यांचा आवाज रेकॉर्ड करून करायचं काय?

सोलापूरकरांसाठी याचं उत्तर शहरापासून थोड्याच अंतरावर आहे. नान्नजच्या माळरानावर १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. विणीच्या काळात माळढोकाचा नर गळ्याची पिशवी फुगवून खोल, घुमणारा आवाज काढतो. मोकळ्या माळावर तो लांबवर पोहोचतो. एके काळी नान्नज परिसरातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा हा पक्षी. आज तिथे एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते.

पक्षी कमी होतो तेव्हा त्याचा आवाज सगळ्यात आधी जातो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. फोटो अल्बममध्ये राहतात, आकडे अहवालात राहतात. 'आमच्या गल्लीत पहाटे काय ऐकू यायचं' याची नोंद मात्र सहसा कुठेच नसते. तारीख, वेळ आणि ठिकाण लिहिलेलं रेकॉर्डिंग ही ती नोंद आहे. दहा वर्षांनी त्याच गच्चीवरून, त्याच महिन्यात पुन्हा रेकॉर्डिंग केलं तर दोन फाइल शेजारी ठेवून फरक तपासता येतो.

शिवाय अशा नोंदी खरोखर वापरल्या जातात. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालात ९४२ प्रजातींची स्थिती तपासली गेली. त्यासाठी तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी 'ई-बर्ड'वर टाकलेल्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरल्या. यातले बहुतेक लोक पोटापाण्यासाठी दुसरंच काही करणारे हौशी आहेत. माळरानावरचे पक्षी घटत आहेत आणि कोकीळ, मोर यांची संख्या वाढते आहे, हे याच नोंदींतून दिसलं.

आणि सोलापूरला तर या विषयाचा वारसाच आहे. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापूरचा. वन खात्यातली नोकरी, जंगलातली भटकंती आणि पुढे 'पक्षिकोश'सारखं काम. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच त्यांचं निधन झालं. त्यांच्या गावात पक्ष्यांचे आवाज जपून ठेवण्यासाठी वेगळं कारण शोधायची गरज नाही.

पक्ष्याचा आवाज पहिल्यांदा कधी रेकॉर्ड झाला?

१८८९ मध्ये, आणि तोही एका लहान मुलाने केला. जर्मनीतल्या लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे एडिसनच्या पद्धतीचा मेणाच्या नळकांड्यावर आवाज कोरणारा फोनोग्राफ होता. त्यावर त्याने घरातल्या पाळीव पक्ष्याचं गाणं टिपलं. पक्ष्याच्या गाण्याचं हे सर्वांत जुनं ज्ञात रेकॉर्डिंग मानलं जातं.

तो पक्षी होता शामा, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही आढळणारा, दयाळचा जवळचा भाऊबंद. तेव्हा गच्चीवरचा दयाळ रेकॉर्ड करणं म्हणजे या परंपरेची सुरुवात जिथून झाली, त्याच घराण्यात परत जाणं आहे. कॉख पुढे ब्रिटनमध्ये बीबीसीवरचा पक्ष्यांच्या आवाजांचा नामांकित माणूस झाला.

शहराचा गोंगाट नेमका आड कुठे येतो?

आवाजाला दोन मापं असतात. एक म्हणजे तो किती मोठा, हे डेसिबलमध्ये मोजतात. दुसरं म्हणजे तो किती खालच्या किंवा वरच्या पट्टीतला, हे हर्ट्‌झमध्ये मोजतात. पक्ष्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये दुसरं माप जास्त महत्त्वाचं.

ट्रकचं इंजिन, कूलर, पाण्याची मोटार, टायरची घरघर यांचा बहुतेक जोर एक हजार हर्ट्‌झच्या खाली असतो. छोटे गाणारे पक्षी साधारण दोन ते आठ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात गातात. म्हणजे एकाच रस्त्यावर जड वाहनांची आणि सायकलींची लेन वेगळी असावी तसं हे आहे. दयाळ, शिंपी, शिंजीर यांची लेन बरीचशी मोकळी असते.

अडचण तीन ठिकाणी येते.

• हॉर्न : त्याचा मूळ सूर खालचा असला, तरी त्याचे उपसूर वरपर्यंत जातात आणि थेट पक्ष्यांच्या लेनमध्ये घुसतात.

• यंत्रमाग : पूर्व भागात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. धोटा आपटल्याचा खटका खालपासून वरपर्यंत सगळ्याच पट्ट्यांत पसरतो. कुठलाही फिल्टर तो पूर्ण काढू शकत नाही.

• खालच्या आवाजाचे पक्षी : भारद्वाजाचा 'हूप हूप' किंवा होल्याचं घुमणं हे ट्रकच्याच लेनमध्ये चालतं. शहरात यांचं चांगलं रेकॉर्डिंग मिळवणं सगळ्यात कठीण.

कायदा काय म्हणतो? ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. इथे सकाळी ६ ते रात्री १० म्हणजे दिवस. मिरवणुकीच्या दिवसांत किंवा सात रस्त्यासारख्या चौकात संध्याकाळी उभं राहिलं, की या आकड्यांवर वेगळं भाष्य करावं लागत नाही.

गोंगाटाचा त्रास पक्ष्यांना होतो का?

होतो, आणि त्याचा पुरावा रेकॉर्डिंगमधूनच मिळाला आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात 'ग्रेट टिट' या छोट्या पक्ष्याचा अभ्यास झाला. जास्त गोंगाटाच्या भागातले नर शांत भागातल्या नरांपेक्षा वरच्या पट्टीत गात होते. वाहनांच्या आवाजात खालचे सूर बुडतात, म्हणून ते सूरच गाण्यातून कमी झालेले दिसले.

उलटा प्रयोग २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपोआप घडला. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को परिसरात वाहनं थांबली. तिथल्या एका चिमणीवर्गीय पक्ष्याच्या नव्या रेकॉर्डिंगची तुलना संशोधकांनी जुन्या रेकॉर्डिंगशी केली. पक्षी हळू आवाजात गात होते आणि त्यांच्या गाण्यात खालचे सूर परत आले होते. एवढं करूनही त्यांचं गाणं आधीच्या दुप्पट अंतरापर्यंत पोहोचत होतं.

ही तुलना शक्य झाली, कारण कुणी तरी लॉकडाऊनच्या कित्येक वर्षं आधी तिथे आवाज टिपून ठेवले होते. सोलापूरच्या लॉकडाऊनमधली शांतता आपण सगळ्यांनी ऐकली. पण तुलनेसाठी तुमच्या गल्लीची आधीची फाइल आहे का?

कानाला ऐकू येतं ते मोबाइलला का नाही?

याची कारणं तीन आहेत.

पहिलं, आपल्याला दोन कान आणि एक मेंदू आहे. लग्नाच्या पंगतीत गलका असतानाही समोरच्याचं बोलणं आपण वेगळं काढतो, तसंच हे. मोबाइलचा माइक सगळ्या दिशांचा आवाज एकत्र गोळा करतो.

दुसरं, मोबाइल माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. त्यातलं गोंगाट कमी करणारं सॉफ्टवेअर बोलण्यापेक्षा वेगळं जे काही वाटेल ते दाबून टाकतं. दयाळची लांब शीळ त्याच्या दृष्टीने कचरा असू शकते.

तिसरं, अंतर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. पक्षी ४० मीटरवर आणि कूलर ५ मीटरवर असेल, तर सामना सुरू होण्याआधीच कूलर १८ डेसिबलने पुढे असतो.

म्हणून महागडा माइक आणून प्रश्न सुटत नाही. तो कूलरही तितक्याच सुंदर आवाजात टिपेल. पक्ष्याच्या दिशेचा आवाज वाढवायचा आणि बाकीचा आहे तिथेच ठेवायचा, ही खरी युक्ती आहे. इथे डिश कामाला येते.

डिशने आवाज कसा वाढतो?

डीटीएचची डिश पॅराबोला या आकाराच्या पत्र्यातून कापलेली असते. लांबून समांतर येणाऱ्या लहरी तिच्यावर आपटून एकाच बिंदूवर जमतात. त्या बिंदूवर कंपनीने एलएनबी बसवलेला असतो. आकाराचा हा नियम सिग्नललाही लागू आणि आवाजालाही. एलएनबी काढून तिथे माइक बसवला, की डिशच्या पूर्ण तोंडावर पडणारा आवाज त्या माइकवर येतो.

यातली खरी मजा पुढे आहे. डिश फक्त तिच्या आकारापेक्षा लहान लहरींवर नीट काम करते. घरगुती डिशची रुंदी साधारण ६० सेंटिमीटर. आता लहरींची लांबी बघा.

• ट्रकची घरघर, १५० हर्ट्‌झ : सुमारे २.३ मीटर

• १,००० हर्ट्‌झ : सुमारे ३४ सेंटिमीटर

• दयाळची शीळ, ४,००० हर्ट्‌झ : सुमारे साडेआठ सेंटिमीटर

ट्रकची लहर डिशपेक्षा जवळपास चौपट लांब आहे. तिला डिश जाणवतच नाही. दयाळची लहर मात्र नीट परावर्तित होऊन माइकवर गोळा होते. म्हणजे फिल्टर न लावता, वीज न खर्चता, पत्रा स्वतःच निवड करतो. घरगुती जोडणीत या वरच्या पट्ट्यात १० ते २० डेसिबलची वाढ अपेक्षित धरायला हरकत नाही. कूलरची १८ डेसिबलची आघाडी आठवते ना?

काय काय लागेल?

• बंद पडलेली स्वतःची डीटीएच डिश, नाही तर भंगारवाल्याकडून घेतलेली

• कॉलर माइक, म्हणजे यूट्यूबवाले शर्टला लावतात तो, शक्यतो वायरचा

• जुना अँड्रॉइड मोबाइल. हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर

• वायरचा हेडफोन किंवा इअरफोन

• स्पंजचा तुकडा आणि जुन्या टेडीचं केसाळ कापड

• केबल टाय, चिकटपट्टी, झाकणाचा प्लास्टिक डबा

• डिश टेकवायला जुनं स्टूल किंवा तिचाच स्टँड

मोबाइल आणि डिश घरात असेल तर खर्च फक्त माइक आणि कन्व्हर्टरचा. एक इशारा महत्त्वाचा : जुन्या मोबाइलची बॅटरी फुगलेली असेल तर तो वापरूच नका. सोलापूरच्या उन्हात गच्चीवर मोबाइल किंवा पॉवर बँक ठेवून जाणंही धोक्याचं. रेकॉर्डिंग पहाटेचं करा आणि ऊन चढायच्या आत सगळं खाली आणा.

जोडणी कशी करायची?

१. डिशचा एलएनबी काढा. त्याचं तोंड जिथे होतं, बरोबर तिथे केबल टायने माइक बांधा.

२. माइकचं तोंड डिशकडे ठेवा, पक्ष्याकडे नाही. ही चूक जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा करतो.

३. माइकवर आधी स्पंज आणि त्यावर केसाळ कापड चढवा. वाऱ्याचा 'फुर्रर्र' आवाज यामुळे बराच कमी होतो.

४. वायर सैल लोंबकळू देऊ नका. ती पत्र्यावर आपटली की प्रत्येक टकटक रेकॉर्ड होते.

५. मोबाइलमध्ये असं रेकॉर्डिंग अ‍ॅप घ्या, ज्यात आवाज 'वेव्ह' प्रकारात साठवता येतो आणि गोंगाट दाबणं, आवाज आपोआप वरखाली करणं हे दोन्ही बंद करता येतं.

६. सॅम्पलिंग रेट ४८ किलोहर्ट्‌झ ठेवा. म्हणजे २४ हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज टिपता येतो आणि पक्ष्यांसाठी तो पुरेसा आहे. एका चॅनेलचं, १६ बिटचं तासाभराचं रेकॉर्डिंग सुमारे ३४५ एमबी होतं. ३२ जीबीच्या कार्डात ९० तास बसतात.

७. मोबाइल विमान मोडवर टाका. पहाटे साडेपाचला येणारा 'गुड मॉर्निंग' मेसेज दयाळच्या गाण्यात नको.

माइक नेमका बिंदूवर आला का, हे तपासायची सोपी पद्धत आहे. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, शक्य तितक्या लांब दुसऱ्या मोबाइलवर पावसाचा किंवा 'श्श्श' असा सलग आवाज लावा. इकडे हेडफोन घालून माइक सेंटिमीटरभर पुढे-मागे, वर-खाली करा. आवाज एकदम मोठा आणि धारदार झाला की तीच जागा. तिथे घट्ट बांधा.

आणखी एक खुबी. डीटीएचची डिश मोठ्या पॅराबोलाच्या मधून न कापता कडेने कापलेली असते. म्हणून तिचं तोंड जिकडे दिसतं, त्यापेक्षा तिचं लक्ष वीस-पंचवीस अंश वर असतं. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी हवा असेल तर डिश जवळपास उभीच ठेवावी लागते. नजरेने नेम धरू नका, हेडफोनने धरा.

हे सगळं चालू असताना पलीकडच्या गच्चीवरच्या काकांनी विचारलंच, "काय रे, डिशचं तोंड लिंबाकडं का केलास? तिकडं कुठला चॅनेल लागतोय?" हेडफोन त्यांच्या कानाला लावला. दोन मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे रोज असतंय का इथं?"

डिश नसेल तर?

जुनी छत्री चालते. आतून जाड प्लास्टिक किंवा गुळगुळीत पुठ्ठा बसवायचा आणि दांड्यावर माइक सरकवत योग्य जागा शोधायची. कोणत्याही खोलगट, पॅराबोलाच्या आकाराच्या वस्तूचा बिंदू शोधायला सूत्र आहे : रुंदीचा वर्ग भागिले खोलीच्या सोळापट. रुंदी ६० आणि खोली १० सेंटिमीटर असेल, तर ३,६०० भागिले १६०, म्हणजे तळापासून साडेबावीस सेंटिमीटरवर माइक. घमेलं किंवा परात मात्र निवडू नका. त्यांचा तळ सपाट असतो, आवाज एका जागी जमत नाही.

रोज आपोआप नोंद हवी असेल तर पुढची पायरी आहे. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, यूएसबी माइक आणि 'बर्डनेट-पाय' हे मोफत सॉफ्टवेअर जोडलं की तो दिवसभर ऐकून पक्ष्यांची यादी करत राहतो. ब्रिटनमधल्या साउदम्प्टन आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी बनवलेला 'ऑडिओमॉथ' तर काडेपेटीपेक्षा थोडाच मोठा आहे. जंगलात तो झाडाला बांधून ठेवतात. पण सुरुवात डिशपासून केली, तर काय ऐकायचं हे आधी आपल्याला कळतं.

सोलापुरात कधी आणि कुठे?

सगळ्यात स्वस्त फिल्टर म्हणजे गजराचं घड्याळ. आपल्याकडे जूनच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सातच्या आसपास. त्याआधीचा अर्धा तास ते नंतरचा अर्धा तास हा उत्तम काळ. पक्षी सर्वाधिक गातात तेव्हाच रस्ते सर्वाधिक रिकामे असतात.

दुसरी संधी सोलापूरकरांच्या ओळखीची आहे : वीज जाणे. कूलर, मोटार, माग सगळं एका क्षणात थांबतं. बॅटरीवर चालणारं आपलं उपकरण मात्र सुरू असतं. वीज गेल्यावर चिडण्याऐवजी गच्चीवर धावणारा माणूस दिसला, तर तो रेकॉर्डिंगवाला समजावा.

जागेचा विचार असा करा. विजापूर रोडवरचा धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे आपला कंबर तलाव, पक्ष्यांसाठी चांगला आहे, पण रस्ता लागूनच आहे. तिथे रस्त्याकडे पाठ करून, पाण्याच्या दिशेने डिश धरा. आपलं शरीर, भिंत किंवा बांध गोंगाटाच्या आड आला की फरक पडतो. सिद्धेश्वर वनविहारात झाडी दाट असल्याने पहाट जास्त बोलकी असते. हिप्परग्याच्या तलावावर टिटवी आणि पाणपक्षी मिळतात, मात्र तिथे वारा हाच मुख्य शत्रू. २०२५ पासून होटगी रोडच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आहेत. त्या बाजूला राहत असाल तर विमानांच्या वेळा बघूनच रेकॉर्डिंग करा.

सुरुवातीला ओळखायला सोपे पक्षी असे :

• तांबट : तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसा एकसुरी 'टुक टुक'

• कोकीळ : 'कुहू' म्हणणारा नर असतो. मादी 'किक किक' करते

• शिंपी : अंगठ्याएवढा पक्षी, पण आवाज अख्ख्या गल्लीत

• सातभाई : टोळीने कलकलाट, मिसळ खायला आलेल्या मित्रांसारखा

• टिटवी : रात्रीही ऐकू येते

• पावशा : पावसाच्या तोंडावर 'पेर्ते व्हा'. हा मिळाला तर तारीख नक्की लिहून ठेवा

कोणता पक्षी आहे हे कसं ओळखायचं?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं 'मर्लिन' हे अ‍ॅप मोफत आहे. त्यात २०२१ पासून आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय आली. भारताचा पॅक एकदा डाउनलोड केला की इंटरनेटशिवायही चालतं. त्याच प्रयोगशाळेने जर्मनीतल्या केम्निट्झ तंत्रज्ञान विद्यापीठासोबत 'बर्डनेट' तयार केलं आहे. ते आवाजाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करून त्यांचं चित्र तपासतं आणि प्रत्येक अंदाजाला गुण देतं.

पण अ‍ॅपने सांगितलं म्हणून यादीत टाकलं, असं करू नका. कुरकुरणारं गेट आणि रिक्षाचा ब्रेक यांनाही अ‍ॅप कधी कधी पक्ष्याचं नाव देतं. कोतवाल तर शिक्र्याची नक्कल करून भल्याभल्यांना फसवतो. ओळख पटवण्यासाठी फाइलचा स्पेक्ट्रोग्राम बघा. 'ऑडॅसिटी' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो दिसतो. आडवी रेघ वेळ, उभी रेघ पट्टी आणि आवाज किती मोठा ते रंगावरून कळतं. ट्रक तळाशी पसरलेल्या चिखलासारखा दिसतो. दयाळची शीळ त्याच्या वर काढलेल्या वळणदार रेघांसारखी. एकदा हे चित्र पाहिलं की कानालाही तो आवाज लवकर सापडू लागतो.

तळाचा चिखल काढायला ५०० हर्ट्‌झच्या खालचा आवाज कापता येतो. पण मग भारद्वाज आणि होलाही कापले जातील. म्हणून मूळ फाइल कधीच बदलायची नाही. जे काही करायचं ते कॉपीवर.

कोणती पथ्यं पाळायची?

• रेकॉर्ड केलेला आवाज पक्ष्याला परत ऐकवून त्याला जवळ बोलावू नका. त्याला वाटतं, हद्दीत दुसरा नर आला. विणीच्या काळात तो पिलं सोडून भांडायला येतो.

• घरटं दिसलं तर लांब व्हा.

• नान्नजसारख्या अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय उपकरण लावू नका.

• डिश शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नको. ती पक्ष्याइतकंच माणसांचं बोलणंही गोळा करते. फाइलमध्ये कुणाचं खासगी बोलणं आलं तर तो भाग काढल्याशिवाय ती कुठेही पाठवू नका.

रेकॉर्डिंग झाल्यावर पुढे काय?

फाइल मोबाइलमध्ये पडून राहिली तर तिचा उपयोग नाही. रेकॉर्डिंग संपताना आपल्याच आवाजात तारीख, वेळ, ठिकाण आणि हवामान बोलून ठेवा. फाइलच्या नावातही तेच लिहा. चांगला तुकडा 'ई-बर्ड'च्या यादीला जोडता येतो. तो कॉर्नेलच्या मॅकॉले लायब्ररीत जमा होतो. २००५ मध्ये नेदरलँड्समधून सुरू झालेल्या 'झेनो-कँटो' या संग्रहातही कुणालाही आवाज जमा करता येतो. गोंगाट असलेली फाइल कमी प्रतीची म्हणून टाकून देऊ नका. ती पक्ष्याची नोंद आहे, तशीच त्या दिवशीच्या सोलापूरची आणि त्याच्या गोंगाटाचीही.

तयारीसाठी तारीख हवी असेल तर ती आहे. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. सुरुवात मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनी आणि शेवट डॉ. सालिम अलींच्या. आठ दिवस, रोज पहाटे दहा मिनिटं, एकाच गच्चीवरून. एवढ्या ८० मिनिटांत तुमच्या गल्लीची पहिली ध्वनिनोंद तयार होते.

आमच्या गच्चीवरची डिश अजून लिंबाकडेच तोंड करून आहे. पलीकडचे काका आता पहाटे मोटार सुरू करण्याआधी हाक मारून विचारतात, "झालं का रे तुझं? टाकी भरू का?"